आठ वर्षं एका ओळीत मावली कशी?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ३९, शिक्षण बी.कॉम. २००७ ते २०१५ इचलकरंजीत एका सूत व्यापाऱ्याच्या पेढीत हिशेबाचं काम केलं. दुसरं मूल झालं आणि पाठोपाठ सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला, म्हणून नोकरी सोडली. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. आता कुटुंब कोल्हापुरात आहे, मुलं मोठी झाली आहेत. गेल्या वर्षी टॅलीचा कोर्स केला. सात महिन्यांत ४३ ठिकाणी रेझ्युमे पाठवला, दोनच फोन आले. त्यातल्या एकाने विचारलं, "इतकी वर्षं काय करत होता?" "घरीच होते" म्हटल्यावर त्याने फोन ठेवला. नोकऱ्या लावून देणारे एक ओळखीचे गृहस्थ म्हणतात, भाच्याच्या एजन्सीचं अनुभवाचं सर्टिफिकेट लावा, कोण बघतंय? नवरा म्हणतो, या वयात आता कोण घेणार? प्रश्न तीन: मधली दहा वर्षं लपवावीत का, ते सर्टिफिकेट घ्यावं का, आणि रेझ्युमे आणखी आकर्षक कसा करावा?

ताई,

तुमचं पत्र चार पानांचं आहे आणि रेझ्युमे तीन पानांचा. दोन्ही शेजारी ठेवून वाचले. पत्र लिहिणाऱ्या बाईंना मी उद्या कामावर घेतलं असतं. रेझ्युमेतल्या बाई मात्र मला दिसल्याच नाहीत.

मी बरीच वर्षं कारखान्यांतल्या भरतीचं काम केलं आहे. एका जागेसाठी दीडदोनशे अर्ज समोर असायचे. प्रत्येक कागदावर नजर फिरायची ती काही सेकंद. त्या घाईत चांगल्या माणसांचे अर्ज माझ्या हातून बाजूला पडले आहेत, आणि त्यांतले काही अगदी तुमच्या या कागदासारखे होते. म्हणून हे उत्तर जरा लांब होणार आहे.

तुमच्या रेझ्युमेत सगळ्यात वर आहे 'उद्दिष्ट': आव्हानात्मक पदावर काम करून संस्थेच्या व स्वतःच्या प्रगतीस हातभार लावणे. मग दहावी, बारावी, बी.कॉम.च्या टक्केवारीचा तक्ता. मग एमएस-सीआयटी. दुसऱ्या पानावर एक ओळ: 'अकाउंटंट, ८ वर्षं अनुभव'. बाकी दीड पानात पतीचं नाव, जन्मतारीख, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, भाषा, छंद (वाचन, संगीत ऐकणे), वरील माहिती सत्य असल्याची प्रतिज्ञा आणि सही. भोवती निळी नक्षीची चौकट.

हा नमुना कुठून आला ते सांगते. आपल्याकडे बायोडेटा म्हटलं की पहिला आठवतो तो स्थळाचा. आपण कुणाचे, कुठले, किती शिकलेले, हे समोरच्याला कळावं म्हणून तो असतो. डीटीपीच्या दुकानात दोन्ही कागद एकाच कॉम्प्युटरवर निघतात, आणि नोकरीच्या कागदातही हळूहळू तीच मांडणी शिरते. पण कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या फाउंड्रीच्या, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याच्या मालकाला तुमचं घराणं जोखायचं नाहीये. त्याच्या टेबलावर बिलांचा ढीग आहे, जीएसटीची तारीख जवळ आली आहे, दोन गिऱ्हाइकांचे पैसे अडकले आहेत. कागद हातात घेतल्यावर त्याला एवढंच कळायला हवं असतं, की यातलं कुठलं ओझं ही व्यक्ती उचलेल. तुमच्या तीन पानांत त्याचं उत्तर कुठेच नाही.

आणि गंमत अशी की उत्तर तुमच्याकडे आहे. पत्राच्या दुसऱ्या पानावर तुम्ही सहज लिहून गेलात, "पेढीत तशी विशेष काही जबाबदारी नव्हती. अडीच-तीनशे यंत्रमागवाल्यांची उधारी बघायची, बँकेचा ताळमेळ, व्हॅटची रिटर्न, आणि सी फॉर्मसाठी फोन करून करून घसा बसायचा."

ही विशेष जबाबदारी नाही? परराज्यातल्या व्यापाऱ्याला सवलतीच्या दराने माल विकला की त्याच्याकडून सी फॉर्म मिळवावाच लागायचा. नाही मिळाला, तर फरकाचा कर पेढीच्या अंगावर. म्हणजे दुसऱ्याने वेळेवर कागद द्यावा म्हणून चिकाटीने मागे लागणं, कुणाचा किती बाकी याची यादी चोख ठेवणं, आणि हे सगळं संबंध न बिघडवता करणं, हे काम तुम्ही आठ वर्षं केलंत.

आता जीएसटी बघा. तुम्ही २०१५ साली काम सोडलंत, व्हॅटच्या जागी जीएसटी आला १ जुलै २०१७ला. त्यामुळे तुम्हाला वाटतं, आपला अनुभव जुन्या जगातला. नियम बदलले, पोर्टल बदलली, हे खरं. पण दुखणं तेच आहे. ज्याच्याकडून माल घेतला त्याने स्वतःचा जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरण, भरला नाही, तर त्याचं बिल आपल्या जीएसटीआर-२बीमध्ये, म्हणजे पोर्टलवर आपोआप तयार होणाऱ्या खरेदीच्या यादीत, येत नाही, आणि २०२२च्या जानेवारीपासून तिथे न दिसणाऱ्या बिलाच्या कराचं क्रेडिट, म्हणजे वजावट, घेता येत नाही. म्हणून अकाउंट्समध्ये दर महिन्याला हीच धावपळ असते: ११ तारखेच्या आत विक्रेत्यांनी रिटर्न भरावं म्हणून त्यांच्या मागे लागायचं, १४ तारखेला २बी आला की खरेदीच्या नोंदींशी ताळा करायचा, २० तारखेपर्यंत ३बी, म्हणजे कर भरण्याचं रिटर्न, भरायचा. पोर्टलवरची बटणं दाबायला नव्या मुलांना पटकन येतं. अडलेल्या विक्रेत्याला गोड बोलून, पण न सोडता रिटर्न भरायला लावणं तितकं सोपं नाही. तुमचा घसा ज्या कामाने बसायचा, ते काम आजही तसंच आहे.

म्हणून रेझ्युमेतली ती एक ओळ मोडून टाका. एक वही घ्या आणि आधी मराठीतच लिहा. सोमवारी सकाळी पेढीत गेल्यावर पहिलं काम काय असायचं? महिन्याच्या शेवटी काय? मार्चमध्ये काय? मालक कशासाठी तुमच्यावर अवलंबून होते? तुम्ही रजेवर गेलात की काय अडायचं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा रेझ्युमेची सगळ्यात चांगली ओळ ठरतं. मग त्याचं साधं इंग्रजी करा. भारी शब्द शोधू नका. पत्रावरून मला सुचलं ते असं:

सूत व्यापाराच्या पेढीत २५० ते ३०० यंत्रमागधारकांची उधारी सांभाळली; थकबाकीची यादी तयार करून वसुलीचा पाठपुरावा केला.

परराज्यातील व्यापाऱ्यांकडून सी फॉर्म मिळवण्याची पूर्ण जबाबदारी. व्हॅट रिटर्नची तयारी.

बँक रिकन्सिलिएशन आणि वर्षअखेरीस ऑडिटसाठी कागदपत्रांची जुळवणी.

अडीच-तीनशे हा आकडा तुम्हीच लिहिला आहे, म्हणून मी तो घेतला. यंत्रमागवाल्यांची संख्या, महिन्याची बिलं, वसुलीची रक्कम, जे खात्रीने आठवतं ते लिहा. जे आठवत नाही ते सोडून द्या, मुलाखतीत कुणी विचारलं तर अडखळायला नको. आकडा मोठा असायला हवा, असंही नाही. 'महिन्याला ८० बिलं' वाचल्यावर मालकाच्या डोळ्यांसमोर काम उभं राहतं. 'भरपूर अनुभव' वाचून काहीच उभं राहत नाही.

इथे आणखी काही वाचकांसाठी थोडं थांबते, कारण ही अडचण तुमच्या एकटीची नाही. आयटीआय झालेल्या मुलांचे रेझ्युमे माझ्याकडे येतात, त्यांत 'सीएनसी ऑपरेटर, २ वर्षं' एवढंच असतं. मशिनचा कंट्रोल फॅनुक होता की सीमेन्स? फक्त जॉब (घडवायचा भाग) लावत-काढत होतास, की ऑफसेट (हत्याराच्या मापातली दुरुस्ती) देत होतास, सेटिंग करत होतास? ड्रॉइंग वाचता येतं का? मायक्रोमीटरने किती टॉलरन्सपर्यंतचं (मापात चालणाऱ्या फरकापर्यंतचं) काम केलंस? गोकुळ शिरगावच्या सुपरवायझरला जे हवं ते या चार उत्तरांत आहे. ज्याने अजून नोकरीच केलेली नाही, त्याने कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये स्वतःच्या हाताने काय केलं तेवढंच लिहावं, गटाने काय केलं ते नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न, मधली दहा वर्षं. मला इथे तुमचं एक गृहीतक पटत नाही. फोन आले नाहीत ते या दहा वर्षांमुळे, असं तुम्ही धरून चालला आहात. त्या वर्षांमुळे काही दारं बंद होतात, हे मी नाकारत नाही. वयाकडे बघून बाजूला सारणारेही आहेत, आणि त्याचा मला आजही राग येतो. पण तुमच्या ४३ अर्जांपैकी बहुतेक ठिकाणी कुणी दहा वर्षांपर्यंत पोचलंच नसणार. त्याआधीची आठ वर्षंच त्यांना दिसली नाहीत.

लपवू नका. तारखा न घालता नुसतं 'अनुभव ८ वर्षं' लिहिलं की वाचणाऱ्याचा पहिला संशय तिथेच येतो. सरळ एक ओळ लिहा: '२०१५ ते २०२४: कुटुंबातील दीर्घ आजारपणामुळे पूर्णवेळ नोकरीतून विराम.' बस्स. हल्ली असा सल्ला दिला जातो, की घरी असलेल्या बायकांनी घर चालवण्याला 'व्यवस्थापन' म्हणावं, आजारी माणसाच्या सेवेला 'प्रोजेक्ट' म्हणावं. मला ते अजिबात रुचत नाही. सासूबाईंना तुम्ही आठ वर्षं कुशीवर वळवलंत, भरवलंत, रात्री उठलात. त्याचं मोल फाउंड्रीच्या मालकाकडून करून घ्यायची गरज नाही. ते घरातलं आहे, ते घरातच राहू दे.

पण त्याच काळातली एक गोष्ट मात्र तुम्ही उगाच गाळली आहे. पत्राच्या अगदी शेवटी, कंसात, तुम्ही लिहिलंय की गल्लीतल्या अकरा जणींच्या बचत गटाच्या तुम्ही सहा वर्षं सचिव होतात आणि बँकेचं कर्ज गटाने दोनदा पूर्ण फेडलं. हे कंसात कसं गेलं? बचत गटाची जी पंचसूत्री सांगतात त्यात नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब येतात. त्यातलं हिशेबाचं सूत्र सहा वर्षं तुमच्या हातात होतं. प्रत्येकीचं पासबुक, रोख वही, कोणाला किती कर्ज, व्याज किती, बँकेचा हप्ता कधी. हे हिशेबाचंच काम आहे, आणि तेही बायका समोर बसून पै-पैचा जाब विचारत असताना केलेलं. रेझ्युमेत ते जसं आहे तसंच लिहा: 'महिला बचत गटाची सचिव, ११ सदस्य, ६ वर्षं, बचत, अंतर्गत कर्ज व बँक कर्जाच्या नोंदी ठेवल्या, दोन बँक कर्जांची पूर्ण परतफेड.' त्याला 'फायनान्स मॅनेजर' वगैरे नाव देऊ नका. आहे तेच पुरेसं आहे.

त्या सर्टिफिकेटबद्दल माझं उत्तर स्पष्ट 'नाही' आहे, आणि ते फक्त नीतीसाठी नाही. भाच्याची एजन्सी खरी असेल, पण तुमचं तिथलं काम खोटं आहे. मुलाखत घेणाऱ्याने विचारलं, "तिथे महिन्याला साधारण किती बिलं असायची? २बी कोण जुळवायचं? ऑडिट कोण करायचं?" तर तिसऱ्या प्रश्नाला तुमचा चेहराच उत्तर देईल. पगाराच्या पावत्या मागतात, बँकेत जमा झालेला पगार दाखवा म्हणतात. पीएफच्या नोंदी यूएएन या एकाच कायम नंबरावर एकत्र दिसतात, त्यामुळे कुठे किती काळ काम केलं हे तपासणं पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे. समजा, तरीही खपून गेलं. मग तुम्ही कुणाच्या तरी पैशांच्या नोंदी सांभाळायला बसणार, आणि त्या ऑफिसात तुमचा पहिला कागदच खोटा असणार. दोन वर्षांनी ते उघडं पडलं तर नोकरी जाईलच, पण कोल्हापूरसारख्या गावात हिशेबनीस म्हणून नाव खराब झालं तर पुन्हा उभं राहणं फार अवघड.

तिसरा प्रश्न आकर्षकतेचा. निळी चौकट काढा. फोटो, धर्म, जात, पतीचं नाव, वैवाहिक स्थिती, छंद, प्रतिज्ञा, दहावीची टक्केवारी, सगळं काढा. 'उद्दिष्ट' काढून त्या जागी तीन ओळी लिहा: कोणतं काम येतं, किती वर्षं केलं, आता काय नवं शिकलात. मग पेढीचा अनुभव, मग बचत गट, मग टॅलीप्राइम आणि जीएसटी, शेवटी शिक्षण. एका पानात बसतं. सरकारी अर्जात अशी माहिती मागतात तिथे ती द्यावीच लागते, ती गोष्ट वेगळी.

लहान कारखान्यांत मालक किंवा त्याचा मुलगा रेझ्युमे व्हॉट्सॲपवर, फोनच्याच पडद्यावर वाचतो. म्हणून पाठवण्याआधी तो स्वतःच्या फोनवर उघडून बघा. बोटांनी मोठं केल्याशिवाय पहिल्या तीन ओळी वाचता आल्या पाहिजेत. मोठ्या कंपन्या आणि नोकरीची पोर्टल यांची तऱ्हा वेगळी. तिथे आधी शब्द शोधून अर्ज वेचले जातात. जाहिरातीत 'बँक रिकन्सिलिएशन' म्हटलं असेल आणि ते तुम्हाला येत असेल, तर तोच शब्द वापरा. तक्ते, चौकटी, दोन रकाने यांमुळे तिथलं सॉफ्टवेअर गोंधळतं आणि कागदाचा स्कॅन केलेला फोटो त्याला वाचता येईलच असं नाही. साधा टाइप केलेला मजकूर पीडीएफ करून पाठवा. फाइलला 'न्यू फायनल २' असं नाव आहे, तिथे तुमचं नाव आणि पद घाला. आणि ईमेल मुलाचा आहे, तो बदलून स्वतःचा काढा. इतक्या वर्षांनी परत येताय, तर निरोप तुमच्याच नावावर यायला हवा.

शिवाय तोच रेझ्युमे ४३ ठिकाणी पाठवू नका. दहा जागा निवडा. जिथे वसुलीचं काम जास्त आहे तिथे उधारीची ओळ वर घ्या, जिथे खरेदी मोठी तिथे सी फॉर्मची ओळ आणि जीएसटी वर घ्या. सोबत दोन ओळींचा निरोप लिहा, की ही जागा कुठे वाचली आणि तुम्ही त्यातलं काय करू शकता.

आता जरा रेझ्युमेच्या पलीकडे बोलते. तुम्हाला थेट कारखान्यातली पूर्णवेळ नोकरीच हवी आहे का? पत्रात तसं दिसतं, पण का, ते दिसत नाही. माझ्या मते सहा महिने एखाद्या सीएच्या किंवा करसल्लागाराच्या ऑफिसात काम करणं तुमच्यासाठी जास्त बरं. पगार कमी मिळेल, हे आधीच सांगते. पण तिथे एकाच वेळी दहापंधरा पार्ट्यांची रिटर्न हाताखालून जातात, कोर्समध्ये शिकलेलं पोर्टल अंगवळणी पडतं आणि रेझ्युमेच्या सगळ्यात वरच्या ओळीवर चालू वर्ष येतं. घरी बसून दोन-तीन दुकानांचे हिशेब लिहिणं हाही एक मार्ग आहे, पण त्यात शिकवणारं कुणी नसतं, आणि तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंय की तुम्हाला माणसांत काम करायचंय.

कुठेही गेलात तरी ११ आणि २० तारखेच्या आसपास उशीर होणार, मार्चमध्ये तर होणारच. शिरोलीहून केएमटी पकडून घरी यायला आठ वाजले तर स्वयंपाक कोण करणार? हे नोकरी लागण्याआधी घरात बोलून ठेवा. "या वयात कोण घेणार" या वाक्यामागे कधीकधी "मग घराचं काय होणार" ही काळजी दडलेली असते. तुमच्या घरी तसं आहे की नाही, मला माहीत नाही. पण तो प्रश्न मोकळा झाला, तर मुलाखतीत वेळेबद्दल विचारल्यावर तुमचा आवाज वेगळा येईल.

आणि तो फोन. पुन्हा कुणी विचारलं, "इतकी वर्षं काय करत होता?", तर "घरीच होते" म्हणून थांबू नका. असं काहीतरी म्हणा: "घरात मोठं आजारपण होतं, ते आता संपलं. त्याआधी आठ वर्षं सुताच्या पेढीत उधारी आणि व्हॅट मी बघत होते. गेल्या वर्षी टॅलीप्राइम आणि जीएसटी शिकले. तुमच्याकडे काम खरेदीच्या बाजूचं जास्त आहे की वसुलीच्या?" शेवटचा प्रश्न नक्की विचारा, म्हणजे बोलणं तुमच्या दहा वर्षांवरून त्यांच्या कामावर येतं. दोन-चार वेळा मुलीसमोर मोठ्याने म्हणून बघा, म्हणजे पाठ केल्यासारखं वाटणार नाही.

राहता राहिलं सर्टिफिकेट. तुम्ही लिहिलंय की पेढी अजून चालू आहे, आता मालकांचे धाकटे भाऊ बघतात, आणि दिवाळीला त्यांचा फोन येतो. २०१५ साली गडबडीत काम सोडताना तुम्ही त्यांच्याकडून अनुभवाचं पत्र घेतलंच नाही. ते मागायला दहा वर्षांनीही हरकत नाही. येत्या आठवड्यात इचलकरंजीला जाऊन या. काय-काय काम केलं ते कागदावर लिहून न्या, म्हणजे त्यांना पेढीच्या लेटरहेडवर ते उतरवायला सोपं जाईल. आणि तिथे बसल्या बसल्या विचारून घ्या, तुम्ही गेल्यावर सी फॉर्मच्या मागे कोण लागायचं आणि आता २बीच्या मागे कोण लागतं.